ट्रेडमिल घेण्याआधी घर मोजा: नागपूरकरांसाठी खरेदीचं सविस्तर मार्गदर्शन

नागपुरात एप्रिल लागला की सकाळचं फिरणं आक्रसतं. साडेसातलाच ऊन टोचायला लागतं, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि नवतपात तर पहाटेच्या हवेतही गारवा उरत नाही. मग घरोघरी ट्रेडमिलचा विषय निघतो. बाबांची शुगर असते, आईचं बीपी असतं, कोणाचं तरी वजन वाढलेलं असतं, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेलं असतं. गरज खरी असते. चूक होते ती सुरुवातीच्या जागेत. आपण थेट शोरूम गाठतो किंवा मोबाइलवर सेल बघत बसतो, आणि मशीन घरी आल्यावर कळतं की तिला लागणारा सॉकेट त्या खोलीत नाही, बेल्ट बाबांना आखूड पडतो, आणि दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार आहे.

म्हणून क्रम उलटा करा. आधी घर मोजा, मग घरातली माणसं, आणि मशीन सगळ्यात शेवटी निवडा. खालचा सगळा लेख याच क्रमाने आहे.

चालणार कोण, आणि कोणत्या महिन्यांत?

कागद घ्या आणि मशीनवर चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन, उंची, वय लिहा. पुढे लिहा: चालणार की पळणार. या यादीतला सगळ्यात जड माणूस मोटर ठरवतो, सगळ्यात उंच माणूस बेल्टची लांबी ठरवतो आणि सगळ्यात वयस्कर माणूस कठडे आणि कमीत कमी वेग ठरवतो. खरेदीला जाणारा बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला मुलगा असतो. तो स्वतःच्या पळण्याच्या हिशेबाने मशीन निवडतो, आणि रोज चालणार असतात त्याचे आईवडील. ही चूक फार घरांत होते.

दुसरा प्रश्न महिन्यांचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अंबाझरीची पाळ, सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्समधले झाडांचे रस्ते सोडून बंद खोलीत चालावं असं मला तरी कोणाला सांगवत नाही. आपल्याकडे ट्रेडमिलचे खरे महिने म्हणजे एप्रिल ते जून आणि पुढे पावसाळा. घरात एकच माणूस चालणार असेल आणि तोही फक्त उन्हाळ्यात, तर जवळच्या जिमची तीन महिन्यांची फी आणि मशीनची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा. दोन-तीन माणसं नियमित चालणार असतील, किंवा घरच्या आजीला बाहेर पडणं अवघड झालं असेल, तर मशीन घेणं योग्यच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. घरातल्या तिघांनी तेवढं चालायचं ठरवलं तर मशीन रोज दीड तास चालेल. हा आकडा लक्षात ठेवा, मोटर निवडताना लागेल.

हृदयाचा त्रास असलेल्यांनी, बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, तोल जाणाऱ्यांनी आणि तळपायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी खरेदीआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गुडघे दुखणाऱ्यांनीसुद्धा. काहींना सायकल जास्त मानवते.

जागा: फूटपट्टीने नाही, टेपने मोजा

साधारण घरगुती ट्रेडमिल पाच ते सहा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद असते. पण जागा तेवढीच लागत नाही. मशीनच्या मागे दोन मीटर मोकळे हवेत आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. मागे भिंत असेल आणि चालणाऱ्याचा पाय घसरला, तर चालू बेल्ट आणि भिंत यांच्यामध्ये माणूस अडकतो. बेल्ट तसाच फिरत राहतो आणि कातडी सोलून निघते. जागा वाचवायला मशीनचं तोंड खोलीकडे आणि पाठ भिंतीकडे करणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका.

फोल्डिंग मशीन घेतली की जागेचा प्रश्न सुटला, असं समजू नका. पन्नास-साठ किलोची वस्तू रोज उघडायची आणि मिटायची म्हटलं की आठवड्यातच कंटाळा येतो. उघडी राहू शकेल अशी जागा असेल तरच मशीन वापरात राहते. मिटण्याची सोय पाहुणे आल्यावर आणि झाडू मारताना कामाची.

उंची बघायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चालणाऱ्याची उंची, त्यात जमिनीपासून बेल्टपर्यंतचे सहा-सात इंच, आणि वर किमान एक फूट मोकळं. पाच फूट दहा इंचाच्या माणसाला असे जवळजवळ साडेसात फूट लागतात. चढण देणारी मशीन असेल तर आणखी सहा-आठ इंच धरा. सज्ज्याखाली किंवा खाली उतरवलेल्या फॉल्स सीलिंगखाली ही उंची मिळत नाही. छताच्या पंख्याच्या बरोबर खाली तर मशीन ठेवूच नका, हात वर गेला तर पात्याला लागेल.

आता फरशी. जिथे मशीन ठेवायची तिथल्या टाइल्स नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज येत असेल तर खाली मसाला नीट भरलेला नाही आणि मशीनच्या पायाखाली टाइल तडकू शकते. मनीषनगर, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर जाड रबरी मॅट घ्याच. पळण्याची धमक खालच्या घरात जाते आणि सकाळी साडेपाचला ती कोणालाच नको असते. बाल्कनीत मशीन ठेवू नका. तिथे ऊन, धूळ, पावसाची झड असं सगळंच येतं.

आणि तळमजला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरोघरी पाणी शिरलं होतं. ट्रेडमिलची मोटर जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर असते, म्हणजे घोट्याएवढं पाणीही तिला पुरतं. नाग नदीच्या किंवा नाल्याच्या काठच्या वस्तीत राहत असाल तर मशीन वरच्या मजल्यावर चढवा.

शेवटी दार, जिना आणि लिफ्ट. मशीनचं खोकं सहा फुटांच्या आसपास लांब असतं. महालातल्या जुन्या घराचा अरुंद जिना किंवा लहान इमारतीची चार माणसांची लिफ्ट यांत ते वळत नाही. खोक्याची मापं आधी विचारून घ्या, आणि डिलिव्हरी घरात आहे की फक्त गेटपर्यंत, हेही.

वीज: इथेच सगळ्यात जास्त मशीन बिघडतात

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही.

ट्रेडमिलला १६ अँपिअरचा, तीन पिनचा, स्वतंत्र सॉकेट लागतो. गीझर किंवा एसीला असतो तसा. टीव्ही-मोबाइलच्या ६ अँपिअरच्या बोर्डवर, त्यातही एक्स्टेन्शन लावून, मशीन चालवू नका. वायर तापते, व्होल्टेज पडतं, आणि मशीनमधला पीसीबी, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं कार्ड, जळतं. कार्ड स्वस्त नसतं आणि मोटरची वॉरंटी कितीही मोठी असली तरी कार्डाची अनेकदा एकच वर्षाची असते.

त्यामुळे पैसे भरायच्या आधी इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. त्याच्याकडून तीन कामं करून घ्या. मशीनच्या जागेजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला वेगळा एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप पडणारा स्विच. त्या पॉइंटचं अर्थिंग मीटरने तपासणं. आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, म्हणजे मोहल्ल्यातले सगळे कुलर आणि एसी चालू असतात तेव्हा, व्होल्टेज किती येतं ते बघणं. उन्हाळ्यात आपल्याकडे जमीन भेगाळेपर्यंत सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं नाही तर अर्थिंग कमजोर होतं. अंगणातल्या त्या खड्ड्यात मार्चपासून पाणी टाकत राहा. घामेजलेल्या हातांनी लोखंडी कठडे धरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून आहे.

व्होल्टेज फार वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, पण किती क्षमतेचा (किती केव्हीएचा) ते मशीनच्या कंपनीलाच विचारा. फ्रीजचा लहान स्टॅबिलायझर चालत नाही. इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नका. घरातला साधा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. मे-जूनमध्ये दुपारनंतर वादळ घोंगावायला लागलं, विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढून ठेवा.

कुलर आणि ट्रेडमिल एका खोलीत

बाहेरच्या शहरांतले सल्ले इथे अपुरे पडतात. मे महिन्यात कुलरशिवाय घरात चालणं शक्य नाही, आणि कुलरची ओली हवा लोखंडाला आणि इलेक्ट्रॉनिक्सला चांगली नाही. मशीनच्या पुढच्या भागात, कव्हरखाली, मोटर आणि कार्ड असतं. कुलरचा झोत थेट त्या भागावर येऊ देऊ नका. मशीन अशी ठेवा की हवा बाजूने, चालणाऱ्याच्या छाती-पाठीवर येईल. कुलरपासून पाच-सहा फूट अंतर ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा खोलीत कोंडणार नाही. जाळीतून पाण्याचे थेंब उडत असतील तर पंपाचं पाणी कमी करा.

धुळीचंही तेच. मोटरच्या कव्हरखाली साचलेली धूळ दमट हवेत चिकटून बसते आणि मोटर तापते. पश्चिमेच्या खिडकीसमोर, दुपारभर ऊन पडतं तिथे, मशीन ठेवाल तर बेल्ट लवकर कडक होतो.

मोटर: स्टिकरवरचा आकडा आणि खरा आकडा

दुकानदार सांगेल, "भाऊ, चार एचपीची मोटर आहे, बिनधास्त घ्या." एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, मोटरच्या ताकदीचं माप. विचारा, "पीक की कंटिन्युअस?" पीक म्हणजे मोटर क्षणभर जो जोर मारू शकते तो. कंटिन्युअस म्हणजे सलग चालताना जो जोर टिकतो तो. तुमच्या उपयोगाचा आकडा फक्त दुसरा.

पडताळणी सोपी आहे. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. चार एचपी म्हणजे जवळपास ३,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. ज्या मशीनला ६ अँपिअरची बारीक पिन दिली आहे ती सलग चार एचपी देऊच शकत नाही, कारण त्या पिनमधून १,३८० वॅटच्या वर काही घ्यायचं नसतं. मोटरवरची पट्टी बघायला मिळाली तर आणखी बरं. तिच्यावर समजा १८० व्होल्ट आणि ६ अँपिअर लिहिलं असेल, तर गुणाकार १,०८० वॅट, म्हणजे सगळं धरून दीड एचपीच्या आत.

किती हवी? फक्त चालणारे, ७५-८० किलोपर्यंतचे, तर दीड ते दोन एचपी कंटिन्युअस पुरते. जॉगिंगला दोन ते अडीच. नियमित पळणाऱ्याला तीनच्या आसपास. इथे एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे: जड माणूस हळू चालतो तेव्हा मोटरवर फार ताण येतो. वेग कमी असताना, पाय बेल्टवर दाबून पडत असताना, मोटरला ओढ जास्त लागते. म्हणून "आम्हाला काय, चालायचंच आहे" म्हणत ९५ किलोच्या माणसासाठी सगळ्यात लहान मोटर घेऊ नका. मशीनवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा तुमच्या घरातल्या सगळ्यात जड माणसाचं वजन निदान २० किलोने कमी असायला हवं. तीन माणसं लागोपाठ चालणार असतील तर मध्ये दहा-पंधरा मिनिटं मोटर निवू द्या.

कमाल वेगाकडे फार बघू नका. १४ असो की १८, तुम्ही बहुतेक ताशी ४ ते ६ किलोमीटरने चालणार आहात. उलट कमीत कमी वेग विचारा. आजी-आजोबांसाठी तो ताशी एक किलोमीटर किंवा त्याहून कमी असावा आणि मशीन झटका न देता सुरू व्हावी.

बेल्ट, कठडे, चढण

चालण्यासाठी ४० सेंटिमीटर रुंद आणि ११० ते १२० सेंटिमीटर लांब बेल्ट चालतो. जॉगिंगला ४५ बाय १२५-१३० बघा. पळण्यासाठी, किंवा उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर, ५० बाय १४०. वयस्कर माणसाला लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची असते, कारण तोल सावरताना पाय बाजूला पडतो.

ज्येष्ठांसाठी कठडे लांब हवेत, नुसते पुढे दोन दांडे नकोत. वेग कमी-जास्त करायची बटणं कठड्यावरच असतील तर उत्तम. चढण हाताने बदलणारी, तीन टप्प्यांची असेल तर ती मशीन बंद करून, खाली वाकून बदलावी लागते, आणि बहुतेक घरांत ती एकदा बसवल्यावर तशीच राहते. चढणीची गरज खरीच असेल तर मोटरवर चालणारी घ्या, नसेल तर तो पैसा मोठ्या बेल्टवर घाला.

ब्लूटूथ, स्पीकर, मोठा पडदा, मसाज करणारा पट्टा यांवर पैसे घालू नका. कठड्यावरचे हृदयाचे ठोके मोजणारे सेन्सर आणि पडद्यावरच्या कॅलरी हे दोन्ही अंदाजच असतात, औषधाचा डोस त्यावर ठरवू नका.

मोटर नसलेली, हाताने कठडा धरून पायाने ढकलायची ट्रेडमिल स्वस्त पडते म्हणून आईवडिलांसाठी घेतली जाते. त्यांच्यासाठीच ती सगळ्यात गैरसोयीची. बेल्ट ढकलायला पुढे झुकावं लागतं आणि गुडघ्यांवर, मनगटांवर भार येतो. टेबलाखाली सरकणारा वॉकिंग पॅडही ज्येष्ठांना नको, कारण धरायला काहीच नसतं.

दुकानात अर्धा तास काढा

ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या, त्यांचे रोजचे बूट घालून. प्रत्येकाने दहा मिनिटं चालावं. दुकानातला माणूस एका मिनिटात मशीन थांबवायला लागला तर सांगा की आम्हाला चालूनच बघायचं आहे. सगळ्यात जड माणूस चढल्यावर वेग अडखळतो का, पाय टेकताच बेल्ट क्षणभर थांबतो का, फ्रेम हलते का, जळका वास येतो का, हे बघा. सेफ्टी की, म्हणजे दोरीने कपड्याला अडकवायची चावी, ओढून बघा, बेल्ट लगेच थांबायला हवा.

छापील किंमत ८० हजार आणि "तुमच्यासाठी ३५ हजार" हे ऐकून भुलू नका. छापील किंमत बाजूला ठेवून त्याच मापाच्या मोटरची आणि बेल्टची दुसरी मशीन कितीला मिळते, तेवढंच ताडून बघा. मग हे प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या:

- मोटर, कार्ड, फ्रेम, बेल्ट, प्रत्येकाची वॉरंटी किती? मजुरी धरून की नुसत्या सुट्या भागांची?
- दुरुस्तीचा माणूस नागपुरातला आहे का? घरी यायचे किती घेतो?
- बेल्ट आणि कार्ड इथे मिळतं की मागवावं लागतं?
- किंमतीत जीएसटी, डिलिव्हरी, वर चढवणं, जोडणी सगळं आलं का?
- सोसायटीच्या जिममध्ये ठेवली तर वॉरंटी राहते का? घरगुती मशीनची बहुधा राहत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न मी सगळ्यांच्या वर ठेवीन. ऑनलाइन घेत असाल तर ऑर्डर करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस नंबरवर फोन करा, आपला पिनकोड सांगा आणि नागपुरात कोण येतं ते विचारा. विक्रीआधी जो फोन उचलत नाही, तो विक्रीनंतर उचलेल अशी आशा धरू नका. दोन-तीन हजार जास्त देऊन शहरातल्या, स्वतःचा मेकॅनिक असलेल्या दुकानातून घेतलेली मशीन मला जास्त भरवशाची वाटते.

जुनी मशीन घेताना

कमी वापरलेल्या जुन्या मशीन चांगल्या भावात मिळतात. बघायला जाल तेव्हा मशीन थंड असू द्या, आधीच चालवून ठेवलेली नको. वीस मिनिटं सलग चाला. ताशी दोन-तीन किलोमीटरवर, कठडे घट्ट धरून, पाय जरा दाबून टाका. बेल्ट घसरत असेल तर तो सैल आहे किंवा झिजला आहे. मग पिन काढून बेल्टखाली हात घाला. खालची फळी गुळगुळीत लागली पाहिजे. खड्डे किंवा चर लागले तर बेल्ट आणि फळी दोन्ही बदलावं लागेल. फ्रेमच्या वेल्डिंगजवळ, खालच्या बाजूला गंज बघा, कुलरच्या खोलीतली मशीन तिथेच आधी गंजते. आणि त्या मॉडेलचं कार्ड अजून मिळतं का, हे पैसे देण्याआधी मेकॅनिकला विचारा.

घरी आल्यावर

जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि तो असतानाच बेल्टला तेल कसं द्यायचं ते शिकून घ्या. तेल म्हणजे ट्रेडमिलचं सिलिकॉन तेल. खोबरेल नाही, शिवणयंत्राचं नाही, गंज काढायचा स्प्रे तर मुळीच नाही. बेल्ट उचलून खालच्या फळीवर मधोमध थोडं द्यायचं, मग दोन-चार मिनिटं हळू चालवायची. रोज वापर असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांनी, नाहीतर पुस्तिकेत लिहिलंय तसं. कोरड्या बेल्टने मोटरवर ताण येतो आणि कार्ड जातं, हा बिघाड पूर्ण टाळता येतो.

बेल्ट एका बाजूला सरकायला लागला तर मागच्या टोकाला दोन बोल्ट असतात. बेल्ट उजवीकडे सरकत असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, दोन मिनिटं चालवून बघा, मग लागला तर पुन्हा पाव फेरा. डावीकडे सरकत असेल तर डावा. एकदम पूर्ण फेरा फिरवू नका. आठवड्याला ओल्या पण पिळलेल्या फडक्याने पुसा, वर्षातून एकदा, कुलर उतरवल्यावर, मेकॅनिककडून मोटरचं कव्हर काढून धूळ साफ करून घ्या.

घरात लहान मुलं असतील तर चालून झालं की सेफ्टी की काढून वर कपाटात ठेवा आणि पिनही काढा. चालू बेल्टमध्ये बोटं जायला क्षण पुरतो. मोठ्यांनी चप्पल घालून किंवा अनवाणी चालू नये, सेफ्टी की कपड्याला लावल्याशिवाय चढू नये, साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, आणि उतरण्याआधी दोन-तीन मिनिटं वेग कमी करत आणावा. बीपीची गोळी घेणाऱ्यांना एकदम थांबल्यावर चक्कर येऊ शकते.

पहिल्या आठवड्यात मशीन मुद्दाम भरपूर वापरा, घरातल्या प्रत्येकाने. परत करायची मुदत असते ती याच दिवसांत, आणि दोष असेल तर तो याच दिवसांत दिसतो. खोकं आणि थर्माकोल तोपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. आवाज आला, वास आला तर व्हिडिओ काढा आणि लेखी तक्रार करा, फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. तिथेही तोडगा निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मशीन ऑनलाइन, दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याकडून घेतली असली तरी तक्रार तुम्ही राहता तिथे, नागपुरातच दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. त्या वेळी जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि तो लेखी पत्रव्यवहार हाताशी हवा, म्हणून पहिल्याच दिवशी या सगळ्याचे फोटो काढून ठेवा.